सारांदिसने टाकलेलं गाणं

भांडण शेळीवरून सुरू झालं, पण ते शेळीचं नव्हतं. लिगोरिसच्या अंगणात तो आणि त्याची थोरली बहीण कनेला समोरासमोर उभी होती, आणि दगडी भिंतीच्या अलीकडे पीठ मळणाऱ्या आम्हां बायकांचे हात परातीतच थांबले होते.

"माझा पोरगा मेलेल्यांची गाणी शिकतोय," लिगोरिस म्हणत होता. "काल खडकावर बसून स्ताव्रियानीच्या नवऱ्याचा अख्खा विलाप गायला. तोवर शेळी शिरली पाद्रीबाबांच्या वाटाण्यात."

"शेळी तिच्या अकलेने शिरली. त्यात गाण्याचा काय दोष?"

"पोराला तू बिघडवलंस. जिथे मयत तिथे तुझ्या पदराला धरून हा हजर."

"गळा आहे त्याला. तुझ्याकडून नाही आला, एवढं नक्की."

"घरात कुणी मेलेलं नसताना विलाप गातात का? कुणाला बोलावणं धाडतोय तो?"

तिथे मात्र भावाचं खरं होतं. आमच्या मानी प्रांताच्या खडकाळ किनाऱ्यावर विलाप गायचा तो मेलेल्याच्या उशाशी बसूनच. बायकांनी गायचा, त्या माणसासाठी तिथल्या तिथे जुळवायचा, आणि शवपेटी खाली गेली की पुन्हा तोंडात आणायचा नाही. तो त्या माणसाचा झाला. पुरुषांनी टोप्या काढून अंगणात बसायचं आणि ऐकायचं. 'तुझ्यामागे रडायला कुणी न राहो' ही शिवी सोडून बाकी सगळ्या शिव्या आमचे पुरुष चेष्टेत देतात. ही कुणी देत नाही.

अंजिराच्या झाडामागे उभा राहून सारांदिस हे सगळं ऐकत होता. बापाने त्याला दोन ठेवून दिल्या, आत्याने संध्याकाळी मध लावलेली भाकरी दिली, आणि दोन्हींचा त्याच्यावर सारखाच परिणाम झाला, म्हणजे काही झाला नाही. पुढच्या मयताला तो पुन्हा आत्याच्या मागे बसलेला होता.

मिसरूड फुटल्यावर बायकांनी त्याला आत बसू देणं बंद केलं. मग त्याचं गावात मन लागेना. इथले सगळेच जातात तसा तोही पिरेयस बंदराला गेला. गोदीत गंज खरवडायचं काम मिळालं. शेजारच्या खाटेवरच्या एकाकडे बुझुकी होती. त्या लांब मानेच्या वाद्याच्या तारा छेडत छेडत सारांदिस स्वतःची गाणी रचायला लागला. गोदीवर, विड्यांच्या कारखान्यातल्या पोरींवर, उशिरा सुटणाऱ्या बोटीवर. लोक ऐकून घेत आणि आपापल्या गप्पांना लागत. एका रेकॉर्ड कंपनीने दोन तबकड्या काढल्या. त्या कुणी घेतल्या असतील तर आईने. पोतित्सा, त्याची आई, भोळी आणि हौशी बाई. तिच्याकडे तबकडी वाजवायचं यंत्रच नव्हतं. तिने त्या भिंतीवर टांगल्या.

कनेलाचा एकुलता मुलगा लियास मालवाहू बोटीवर लागला होता. पहिल्याच हिवाळ्यात तो बुडाला. दैव एवढंच, की पाण्याने त्याला परत दिलं. मयतासाठी आलेला सारांदिस लिगोरिसबरोबर अंगणात बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. आत कनेला मुलाच्या उशाशी बसली होती. लियास घाणेरड्या बुटांनी घरात शिरायचा, उंबऱ्याशी बूट पुसायचा नाही, आणि ती रोज ओरडायची. हे अख्ख्या गावाला पाठ होतं. मयताला आमच्यात नवे बूट घालतात. त्या दिवशी ती गायली:

नवे बूट तुझ्या पायी,
पाण्याला उंबरा नाही.
कुठे पुसलेस, बाळा?
मी रागावणार नाही.

हे इथे सांगायला हरकत नाही. ते आता साऱ्या देशाच्या तोंडी आहे. पुढचं सांगायचं नाही.

अंगणात एकाही पुरुषाला मान वर करवेना. सारांदिस ते कानात घेऊन पिरेयसला गेला आणि ते त्याला सोडेना. गंज खरवडताना तेच, जेवताना तेच. लियास आणि तो एकाच गाढवावर बसून मोठे झालेले. शेवटी एका रविवारी त्याने बुझुकी घेतली, चालीत एक ठेका वाढवला, 'बाळा'च्या जागी 'सखे' घातलं, आणि स्वतःची समजूत घातली की आता हा विलाप राहिला नाही, हे एका बाईवरचं गाणं झालं. पाण्याला उंबरा नाही, हे त्याने रुसून समुद्रापार गेलेल्या बाईवर बसवलं. आणि दुसरीही समजूत घातली, की यात लियास टिकेल. माणसाला एक समजूत पुरत नाही तेव्हाच तो दुसरी घालतो.

त्याची तबकडी निघाली ती वणव्यासारखी पसरली. लग्नांत, बोटींवर, बराकींत, सगळीकडे. पुरुष हात पसरून नाचायला उठत आणि 'मी रागावणार नाही' आलं की भरात येऊन जमिनीवर बशा फोडत. सारांदिसचं छायाचित्र वर्तमानपत्रात आलं. पोतित्साला त्याने रेडिओ धाडला. तिने तो खिडकीत ठेवला, तोंड बाहेर करून, म्हणजे शेजाऱ्यांनाही मुलगा ऐकू यावा.

गावच्या चौकात पारास्केवासचं कॉफीचं दुकान. त्याने मोठ्या अभिमानाने ती तबकडी आणली. दुपारची वेळ होती. कनेला पाठीवर काट्याकुट्यांचा भारा घेऊन चौकातून जात होती. आत दोघे नाचत होते, बाकीचे टाळ्या देत होते. ती थांबली. गाणं संपेपर्यंत थांबली, भारा न उतरवता. पारास्केवास दारात येऊन म्हणाला, "मावशी, ऐकलंस? आपला सारांदिस."

"ऐकलं," ती म्हणाली आणि घरी गेली.

त्यानंतर ती कुणाच्या मयताला गेली नाही. स्ताव्रियानीची बहीण वारली, लंगडा कोळी गेला, पारास्केवासचा बापही गेला. दुसऱ्या बायका बसल्या, रडल्या, जमेल तसं गायल्या. पण कनेलासारखा शब्द कुणाला सापडत नव्हता, आणि ती नाही म्हटल्यावर बाकीच्यांचेही गळे बसल्यासारखे झाले. पाद्रीबाबा खुश होते. त्यांना विलाप कधीच आवडले नाहीत. देवावर विश्वास असेल तर एवढं ओरडायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. गाव मात्र पारास्केवासकडे बघेना आणि लिगोरिसकडेही. भर चौकात कुणीतरी लिगोरिसला म्हणालं, "तुझा मुलगा आमचं रडू घेऊन गेला." शेळीच्या भांडणात लिगोरिसनेच हे पहिल्यांदा ओळखलं होतं, पण तेवढ्याने त्याला समाधान वाटलं नसावं. थोड्या वर्षांनी तोही गेला. सारांदिस तेव्हा परदेशी दौऱ्यावर होता, आणि बापाच्या उशाशी बायका मुक्याने बसल्या होत्या.

पोतित्साने त्या दिवशी खिडकीतला रेडिओ उचलून आत कपाटात ठेवला. नणंदेशी तिने बोलायचा प्रयत्न केला. कनेला दळण, मीठ, कोंबड्या यांवर बोलायची, त्यापलीकडे नाही.

मग पोतित्साच अंथरुणाला खिळली. तिला औषधाची फिकीर नव्हती. मुलीला, मेताक्सियाला, ती एकच विचारायची, "कनेला येईल ना गं? मला मुक्यानं नाही ना पुरणार?"

"येईल, आई."

"लिगोरिसला मुक्यानं पुरलं. तो गडी माणूस, त्याला चाललं. मला भीती वाटते."

"आई, येईल म्हटलं ना."

मेताक्सियाने पिरेयसला फोन केला. सारांदिस गाडी करून पोचला तोवर आई पहाटेच गेली होती. तिला धुऊन, काळं नेसवून पेटीत निजवलं होतं, पाय दाराकडे. कडेने बायका बसल्या होत्या. कुणी विलाप धरत नव्हतं. मेणबत्ती तेवढी तडतडत होती. अंगणात पुरुष बसले होते. सारांदिसला पाहून ते उठले नाहीत, त्यांनी नुसती जागा केली. पाद्रीबाबा उन्हाकडे बघत म्हणाले, "दिवस बुडायच्या आत न्यायचं आहे. माझ्याकडून उशीर नको."

मेताक्सियाने भावाला दारामागे ओढलं. "ती आलेली नाही."

"बोलावलंस?"

"तिघींना धाडलं. म्हणाली, पोतित्साला माझा शेवटचा निरोप सांगा. दादा, मी आईला शब्द दिलाय. रोज दिलाय."

"मी जातो."

"जा. पण तिथे गायक होऊन जाऊ नकोस."

कनेलाचं दार अर्धं उघडं होतं. ती उंबऱ्याच्या आत बसून रानभाजी निवडत होती. काळे कपडे होतेच. ते लियासपासून अंगावरून उतरलेच नव्हते. सारांदिसला हजारो माणसांसमोर उभं राहायची सवय. पण तिथे त्याला हात कुठे ठेवावेत ते सुचेना.

"आत्या."

"बूट पूस," ती म्हणाली.

त्याने पुसले. ती भाजी निवडत राहिली.

"आत्या, आई गेली."

"माहीत आहे. चांगली बाई होती. माझ्या बाळंतपणात तिने केलं."

"मग चल."

"कशाला? साऱ्या देशाला सांगत फिरतोस ना, मी रागावणार नाही म्हणून? नाही रागावले. जा."

"राग माझ्यावर काढ. आईवर कशाला?"

कनेलाने पान खाली ठेवलं. "तुला वाटतं मी अडून बसलेय. अरे, मला येत नाही आता. लंगडा कोळी गेला ना, तेव्हा निघाले होते मी घरातून. त्याच्या दारापर्यंत गेले. मनात पहिला शब्द जुळला आणि कानात टाळ्या सुरू झाल्या. बशा फुटायला लागल्या. मी काहीही जुळवलं तरी ते कुणीतरी उचलणार आणि त्यावर नाचणार, हेच डोक्यात. माझ्या लेकराच्या बुटांवर नाचलात तुम्ही."

सारांदिसने खूप वर्षं जवळ बाळगलेली ती समजूत बाहेर काढली. "मला वाटलं, लियास त्यात राहील."

"त्यात बाई आहे. सखी. लियास कुठाय त्यात?"

बाहेर ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. चर्चची घंटा एकदा वाजली, सावकाश, मयताची.

"ती घाबरली होती, आत्या. शेवटपर्यंत तुझंच विचारत होती."

"मग तू गा."

"मी? पुरुष आत बसत नाहीत."

"पुरुष विलाप बाजारातही नेत नव्हते." तिने पुन्हा भाजी हातात घेतली. "घेऊन गेलास तू. तर तूच दे तिला."

तो परतला तेव्हा अंगणातल्यांनी ओळखलं, की बाई येणार नाही. पेटी उचलणारे चौघे उठून अंगरखे झटकत होते. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं. सारांदिसने टोपी काढली, आणि बाकावर बसायच्या ऐवजी तो घरात शिरला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, कुठे?" तो आईच्या उशाशी, बायकांच्या मधे, खाली बसला. बायकांनी अंग चोरलं. मेताक्सियाने ओठ चावला.

त्याने सुरू केलं. आवाज सुरेल होता, मुरलेला, ओळीच्या शेवटी छान वळवलेला. तीच पंचाईत झाली. विलापात एकीने ओळ म्हटली की बाकीच्यांनी शेवट उचलायचा असतो. नाही उचलला तर तो खाली पडतो, आणि पडला तर म्हणणाऱ्याचं मेलेल्यापाशी काही नातं नव्हतं असं धरतात. एकीनेही उचलला नाही. एक म्हातारी तर भिंतीकडे बघू लागली. सारांदिस थांबला. पुन्हा सुरुवात केली, आणखी गोड, आणि पुन्हा तसंच. दारात पाद्रीबाबा खाकरले.

"पुरे," ते हळू म्हणाले. "तमाशा नको."

"थांबा," मेताक्सिया म्हणाली. पाद्रीला असं कुणी म्हणत नाही.

सारांदिसने आईकडे पाहिलं. नीट असं तो आल्यापासून पहिल्यांदाच. तिच्या हनुवटीखाली फडकं बांधलं होतं, आणि एका बाजूची केसांची बट सुटली होती, तशी ती कायम सुटायची. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं तेव्हा आवाज फुटला. सूर गेला, वळण गेलं. जे आलं ते घोगरं होतं, तुटक, विलापाच्या आठ अक्षरी ओळीत जेमतेम मावणारं. तो आईला रेडिओ बंद करायला सांगत होता. मी दाराशी आलोय, म्हणत होता, तू नुसती हाक मार. त्याचे शब्द यापुढे सांगायचे नाहीत.

स्ताव्रियानीने शेवट उचलला. आधी एकटीने, फाटक्या आवाजात. मग दुसरीने. मग सगळ्यांनी. अंगणात पुरुषांच्या माना खाली गेल्या. सारांदिस ओळीमागून ओळ ओढत होता, विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा. मधेच त्याचा दम संपला. पुढची ओळ येईना. गाणं असतं तर वाद्याने सावरलं असतं. इथे कोण सावरणार? बायका थांबून त्याच्याकडे बघू लागल्या. आता पडणार, असं वाटलं.

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. आमच्यात गायची पाळी अशीच मागतात, न बोलता. हातावर रानभाजीचा हिरवा रंग होता. सारांदिस बाजूला सरकला, आणि कनेला भावजयीच्या उशाशी बसली.

तिने काय गायलं ते ज्यांनी ऐकलं त्यांना माहीत आहे. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं, आणि दिवस बुडायला टेकला तरी ते उघडलं नाही.

दफनाहून परतताना ती त्याच्याशेजारून चालत होती. "येतं तुला," ती म्हणाली. "उगीच ती बुझुकी शिकत बसलास."

"आत्या, त्या गाण्याचं काय करू?"

"काय करणार? सुटलेली शेळी आहे ती. पण तू तरी तिच्यामागे नाचत जाऊ नकोस."

त्यानंतर सारांदिसने ते गाणं कधी गायलं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण लोक येत ते तेच ऐकायला. सभागृहांत आरडाओरडा व्हायचा. "माझं नाही ते," तो सांगायचा, आणि लोक हसायचे. त्यांना वाटायचं, मोठ्या माणसाचा विनय. एका मालकाने करार मोडला. कंपनीने तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेतलं, तिसऱ्याकडूनही. त्याचं नाव काही वर्षं मागे पडलं. मग गोदीवरची, विड्यांच्या पोरींवरची ती जुनी गाणी नव्या पोरांना सापडली आणि त्याला पुन्हा बोलावणी येऊ लागली. ती गाणी आजही चालतात. चांगली आहेत, थोडी लांब आहेत.

पण एक सवय त्याला कायमची लागली. कुठेही ते गाणं कानी पडलं की तो तिथे जायचा आणि बंद करायला सांगायचा. टॅक्सीवाल्याला सांगितलं तर त्याने भर रस्त्यात उतरवलं. भाचीच्या लग्नात वाजंत्र्यांना सांगितलं तर नवरदेव आठवडाभर फुगला. मेताक्सिया म्हणायची, "दादा, अख्ख्या देशाचे कान धरणार आहेस का?" तो म्हणायचा, "नाही गं. जेवढे वाटेत येतात तेवढेच." कनेला पिकल्या वयात गेली, तेव्हा तो आत बसला आणि बायकांनी न सांगता जागा केली. तिच्यासाठी त्याने काय म्हटलं तेही तिच्याबरोबर गेलं.

नवरा गेल्यावर मेताक्सिया पिरेयसला त्याच्याकडे राहायला आली. दोघं म्हातारी झाली. सकाळी बंदराकडे उतरून मासळी आणणं हे त्याचं काम, कारण तिला मासळीवाल्यांशी घासाघीस जमायची नाही. गेल्या शरद ऋतूत तो असाच एकदा गेला. त्या दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. पण सकाळी तसं काहीच वाटत नव्हतं. काठी, टोपी, जाळीची पिशवी. मासळीवाल्याकडे नवा गडी होता, आणि त्याच्या मागच्या फळीवरच्या रेडिओवर तेच गाणं मोठ्याने चाललं होतं.

सारांदिस रांगेत उभा राहिला. पाळी आल्यावर म्हणाला, "बाळा, ते जरा बंद करतोस?"

"का, आजोबा? चांगलं आहे की."

"चांगलं आहे. पण ते एका मेलेल्या मुलाचं आहे."

गड्याने त्याच्याकडे पाहिलं, हात फडक्याला पुसले आणि बटण दाबलं. "तुमच्या ओळखीचा होता का?"

"होय. बांगडे ताजे आहेत?"

"आजचेच."

"मग मधले दे. मोठे देऊ नकोस, बहिणीला काटे काढायचा कंटाळा येतो."

गड्याने मधले निवडून कागदात गुंडाळले. सारांदिसने पुडा पिशवीत घातला, टोपीला हात लावला आणि चढ चढू लागला.